पार्कमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्यास
पार्क या युरोपीय भागीदारीत, म्हणजे रसायनांच्या जोखीम-मूल्यांकनासाठी मे 2022 मध्ये सुरू झालेल्या सात वर्षांच्या कार्यक्रमात, तुम्ही येत आहात, तेव्हा पहिले काही महिने शोधनिबंधाचा विचार बाजूला ठेवून लोकांच्या लघवीसारखे नमुने कसे हाताळले जातात हे पाहावे, असे मी सुचवेन. समन्वय फ्रान्समधील आन्सेस या संस्थेकडे असला, तरी काम अनेक देशांतल्या संस्थांत विभागलेले आहे, आणि दोन देशांचे आकडे एकत्र मांडता येतील की नाही हे प्रयोगशाळेच्या टेबलावरच ठरते.

थॅलेट या प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचेच उदाहरण घ्या. नळ्या, झाकणे, हातमोजे यांतून ते नमुन्यात उतरू शकते. म्हणून लघवीत मूळ रसायन न मोजता शरीरात त्यापासून तयार झालेली द्रव्ये मोजतात. शिवाय कोणी भरपूर पाणी प्यायले असेल तर लघवी पातळ होते, त्यामुळे क्रिएटिनिन या लघवीतून बऱ्यापैकी स्थिर प्रमाणात बाहेर पडणाऱ्या द्रव्याच्या आधारे दुरुस्ती केली आहे की नाही, ही नोंद सोबत नसेल तर तो आकडा भागीदाराच्या फारसा कामाचा नसतो. ती नोंद मागताना संकोच करू नका. मी एकदा केला आणि चार महिन्यांचे काम वाया घालवले.

नियामक संस्थांचे एकमत मात्र गृहीत धरू नका. बिस्फेनॉल-ए या प्लास्टिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या रसायनाच्या रोजच्या सेवनाची मर्यादा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅमवरून थेट 0.2 नॅनोग्रॅमवर आणली, तर जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने 200 नॅनोग्रॅम सुचवले. दोन्ही अहवालांतील अनिश्चिततेवरचे भाग आधी वाचा, सारांश नंतर.