वाचक विचारतात : कुत्र्याचा एक डोळा पुढे आला आहे

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या पगचे डोळे मुळातच मोठे आहेत, परंतु तीन दिवसांपासून उजवा डोळा डाव्यापेक्षा पुढे आलेला दिसतो. भाकरीचा तुकडा तो तोंडात घेतो आणि कण्हून टाकून देतो. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेले थेंब घरात आहेत, ते घालावेत का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ते थेंब कृपया घालू नका. अशा थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते आणि पुढे आलेल्या डोळ्यावर पापणी पुरती मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम झालेली असू शकते. त्या जखमेवर स्टेरॉइड पडल्यास ती चिघळून बुबुळाला भोक पडण्याचा धोका असतो. अंक हाती पडेपर्यंत उशीर होईल, म्हणून हे आपणांस फोनवरून आधीच कळवले आहे.

पगच्या डोळ्यांची खोबण उथळ असल्याने दोन्ही डोळे सारखेच मोठे दिसत असतील, तर तो त्याच्या जातीचा गुण समजावा. एकच डोळा काही दिवसांत पुढे येतो, तेव्हा मात्र त्यामागे काहीतरी घडलेले असते. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला डोळ्याची नव्हे, भाकरीची वाटते. कुत्र्याच्या डोळ्याचा तळ हाडाने पूर्ण बंद नसतो. वरच्या शेवटच्या दाढांच्या मागचे मऊ भाग थेट डोळ्यामागच्या जागेला लागून असतात, त्यामुळे दाढेच्या मुळाशी पू झाला किंवा काडी चघळताना तिची ढलपी आत रुतली, तर डोळ्यामागे गळू होते आणि तोंड उघडताना जबड्याचे हाड त्यावर दाबले जाऊन असह्य वेदना होतात. असे गळूच निघाले, तर भूल देऊन दाढेमागून पू काढून देतात, प्रतिजैविके व वेदनाशामके देतात आणि डोळा बहुतेक वेळा लवकर मागे सरतो. वयस्क कुत्र्यात डोळा हळूहळू, दुखल्याशिवाय पुढे येत असेल, तर गाठीची शंका घेऊन सोनोग्राफी करावी लागते.

काचबिंदूत मात्र डोळा पुढे सरकत नाही, तो स्वतःच फुगतो. तो लाल होतो, बुबुळ निळसर धुरकट दिसते. डोळ्यातील दाब साधारण पाऱ्याच्या १० ते २५ मिलिमीटर इतका असावा. तो एकाएकी फार वाढला, तर एक-दोन दिवसांतही दृष्टी कायमची जाऊ शकते. हे दोन आजार केवळ पाहून ओळखण्याचा प्रयत्न घरी करू नये, डोळा दाबून तर मुळीच पाहू नये. दाब मोजण्याची सोय जवळच्या दवाखान्यात नसेल, तर आपल्या जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे विचारणा करावी.

भांडणात किंवा मानगूट आवळली गेल्याने डोळा पापण्यांबाहेरच निसटला, तर तो आत ढकलू नये. निर्जंतुक सलाइनने भिजवलेली स्वच्छ पट्टी त्यावर धरून तत्काळ निघावे. भूल देऊन डोळा जागेवर बसवतात आणि पापण्या साधारण दोन-तीन आठवडे टाक्यांनी मिटून ठेवतात. जत भागातील कारवानसारख्या लांब तोंडाच्या कुत्र्यांत डोळा निसटण्यास फार मोठा आघात लागतो, म्हणून त्यांची दृष्टी वाचण्याची आशा पगपेक्षाही कमी असते. आपल्या पगला मात्र गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा पट्टा आजपासूनच वापरावा.