कर्स्टन नॉयशेफरने 2022 ची गोल्डन ग्लोब शर्यत (शिडाच्या बोटीतून एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा) बचावकार्यासाठी मिळालेल्या वेळेच्या सवलतीमुळे जिंकली का?

नाही, सवलत नसती तरी तीच जिंकली असती. 18 नोव्हेंबर 2022 ला दुसरा स्पर्धक तापिओ लेहतिनेनची बोट दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला बुडाली. कर्स्टन सुमारे शंभर सागरी मैलांवर होती. तिने मार्ग बदलून त्याला लाइफराफ्टमधून उचललं आणि ‘दर्या गायत्री’ या मालवाहू जहाजावर सोपवलं. त्याबद्दल तिला 35 तास आणि 30 लिटर इंधन परत मिळालं. पण शर्यत संपवल्याच्या तारखा बघा: ती 27 एप्रिल 2023 ला फ्रान्समध्ये ले साब्ल-दोलोनला, म्हणजे अंतिम रेषेवर पोहोचली, दुसरा आलेला आपला अभिलाष टॉमी 29 एप्रिलला. म्हणजे सवलत न धरताही एक दिवसाहून जास्त आघाडी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रेषा सगळ्यांत आधी ओलांडली ती सायमन कर्वेनने, त्याच दिवशी, तिच्या काही तास आधी. वाऱ्यावर चालणारं स्वयंसुकाणू मोडल्याने तो दुरुस्तीसाठी चिलीत थांबला होता. एकदा थांबलं की ‘चिचेस्टर’ वर्गात गणना होते, मुख्य क्रमवारीत नाही. नियम कडक आहे, पण विनाथांबा शर्यतीत तो असणारच.