एकच कॅन, तीन बाटल्या

मागच्या अंकात टायर आणि डॅशबोर्डच्या ड्रेसिंगबद्दल, म्हणजे रबर-प्लॅस्टिकला चमक यावी म्हणून लावतात त्या औषधाबद्दल, जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या : पाणी घालून वापरता येतं ते घ्या, एका कॅनमध्ये आतबाहेरचं काम भागतं. नेमकी त्या दोन ओळींवरच सगळी पत्रं आली. कोल्हापुरात आमच्या गाड्या धुण्याच्या दुकानातही सध्या काउंटरवर हाच विषय आहे. तेव्हा या वेळी मायलेज, क्लच, बॅटरी सगळं बाजूला ठेवते.

प्रश्न : ताई, आमच्या तीन टुरिस्ट गाड्या आहेत. तुमचं वाचून पाच लिटरचा कॅन आणला. आतलं औषध पांढरंशुभ्र आहे आणि वर '४:१ पर्यंत' असं लिहिलंय. दुकानदार म्हणतो टायरला नुसतंच लावा, ड्रायव्हर म्हणतो निम्मं पाणी घाला. पाणी घातल्यावर त्याचा कस जात नाही का? आणि चार भाग कशाचे, एक कशाचा?
— एक टूर व्यावसायिक, सातारा

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण गणित तिथेच चुकतं. चार भाग पाणी, एक भाग ड्रेसिंग. काही कंपन्या पाण्याचा आकडा आधी छापतात, काही ड्रेसिंगचा. मेग्वायर्सच्या हायपर ड्रेसिंगवर ४:१ असतं, दुसऱ्या एखाद्या कॅनवर तेच १:४ दिसेल. मोठा आकडा पाण्याचा, एवढं धरून चाला. आणि भाग एकूण पाच होतात, चार नव्हे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत १०० मिली ड्रेसिंग आणि ४०० मिली पाणी. पुष्कळ जण बाटलीचे चार भाग करून १२५ मिली ओततात आणि मग डॅशबोर्ड चिकचिकतो म्हणून येतात.

आता कस. हे पांढरं दिसतं ते पाण्यात सिलिकॉन तेलाचे अतिबारीक थेंब विखुरलेले असतात म्हणून; ताक पांढरं दिसतं ना, तसंच. लावल्यावर पाणी उडून जातं आणि मागे उरतो तो सिलिकॉनचा थर. पाणी जास्त घातलं की थर पातळ, चमक कमी. पाणी कमी घातलं की थर जाड, चमक जास्त. म्हणजे पाणी घालून तुम्ही औषध बिघडवत नाही, चमक किती हवी ते ठरवता. एवढं खरं, की पातळ थर पावसात लवकर जातो.

दुकानदार आणि ड्रायव्हर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. नुसतं लावलं तर टायर ओल्यासारखा चकचकतो. लग्नाच्या भाड्याला जाणाऱ्या गाडीला काही गिऱ्हाइकं तसंच मागतात. मला स्वतःला ते आवडत नाही. नवा टायर काळाभोर असतो, पण चकाकत नाही. निम्म्या पाण्यात तो रंग नेमका येतो. मी तीन बाटल्या भरून ठेवते. टायरसाठी २५० मिली ड्रेसिंग, २५० पाणी. बंपरच्या काळ्या भागाला आणि चाकांवरच्या प्लॅस्टिकला एकास दोन. गाडीच्या आत एकास चार. बाटल्यांवर मार्करनं ठळक लिहा, कारण पाणी घातल्यावर तिन्ही सारख्याच दिसतात आणि धुणारा पोरगा हाताला लागेल ती उचलतो. टायरची बाटली डॅशबोर्डवर गेली की निस्तरायला अर्धा तास मोडतो.

पाणी कुठलं घालता तेही पाहा. बोअरचं जड पाणी नको. क्षारांमुळे मिश्रण फाटू शकतं आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढरट डाग राहतात. घरच्या आरओचं पिण्याचं पाणी चालेल, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर सगळ्यात उत्तम. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी मात्र घेऊ नका. फुकट आहे खरं, पण सगळे क्षार त्याच नळीतून बाहेर पडतात. आधी पाणी भरा, वरून ड्रेसिंग ओता, नाहीतर बाटली फेसानं भरते. आणि पाचच्या पाच लिटर एकदम कालवून ठेवू नका. पाणी घातलं की त्यातलं टिकाऊपणाचं रसायनही पातळ होतं, आणि महिना-दोन महिन्यांत बाटलीला कुबट वास सुटतो. लागेल तेवढंच करा.

प्रश्न : टायर पॉलिश करून आणले की दोन दिवस छान दिसतात, नंतर तपकिरी पडतात. शिवाय गाडी पांढरी आहे, दारांच्या खालच्या बाजूला काळे शिंतोडे उडतात. पॉलिश भेसळीचं असेल का?
— एक शिक्षिका, लातूर

उत्तर : बाई, पॉलिशवर आळ घेण्याआधी टायर कसा धुतात ते उभं राहून बघा. प्रेशरच्या पाण्याचा एक फवारा, आणि ओल्या टायरवरच पॉलिशचा बोळा, असंच बहुतेक ठिकाणी चालतं.

हवेतल्या ओझोननं रबराला तडे जाऊ नयेत म्हणून टायर बनवतानाच त्यात एक रसायन आणि थोडं मेण घालतात. टायर चालताना दबतो, फुगतो, तसतसं ते हळूहळू वर येतं आणि हवा लागून तपकिरी होतं. म्हणजे तपकिरी रंग हे टायरचं दुखणं नव्हे, टायर आपलं काम करतोय. पण त्या थरावर, जुन्या पॉलिशवर आणि चिखलावर नवं पॉलिश चढवलं तर ते रबराला धरतच नाही. घाणीला धरतं आणि घाणीबरोबर उडतं.

टायर घासायला ऑल-पर्पज क्लीनर आणि राठ केसांचा ब्रश घ्या. पहिल्या घासणीला फेस कडक चहाच्या रंगाचा निघतो. धुवा, पुन्हा घासा. फेस पांढरा येईपर्यंत थांबायचं नाही. जुना टायर असेल तर तीन-चार वेळाही घासावं लागतं. मग पूर्ण कोरडा होऊ द्या. अक्षरांच्या खाचांत पाणी अडकून बसतं, तिथे फडकं खुपसून टिपा.

लावताना बाटलीनं थेट टायरवर फवारू नका. फवारा ब्रेकच्या डिस्कवर जातो, आणि तिथे सिलिकॉन अजिबात नको. स्पंजवर घ्या, टायरच्या बाजूच्या भिंतीवर गोल फिरवा, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर एक थेंब नको. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं एकदा पुसा. ही शेवटची पुसणी कुणी करत नाही, आणि तुमच्या दारावरचे शिंतोडे तिथूनच येतात : न मुरलेलं जास्तीचं औषध चाक फिरलं की बाहेर फेकलं जातं. फडक्याला काळं लागलं तर समजा, तेवढं तुमच्या दारावर जाणार होतं.

प्रश्न : नागपूरच्या उन्हात डॅशबोर्डला तडे जातील अशी भीती वाटते. आमचे बाबा खोबरेल तेल लावायचे. मी ड्रेसिंग लावतो, पण दुपारी समोरच्या काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब दिसतं, रस्ता नीट दिसत नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रतिबिंब दिसतंय म्हणजे थर जाड झालाय. डॅशबोर्डचा वरचा भाग कंपनी मुद्दाम बिनचमकीचा ठेवते, काचेत उजेड फेकू नये म्हणून. आपण त्याला चकचकीत करतो आणि मग डोळे बारीक करून गाडी चालवतो. आत्ता लावलंय ते शाम्पूच्या पाण्यात पिळलेल्या मायक्रोफायबरनं पुसून काढा. नंतर एकास चारची बाटली घ्या, औषध कापडावर मारा, डॅशबोर्डवर नाही. तिथे मारलं की ते एसीच्या जाळीत आणि बटणांच्या फटींत उतरतं. कापड जेमतेम दमट वाटलं पाहिजे. पुसल्यावर लगेच दुसऱ्या कोरड्या कापडानं पुसा. बोट फिरवून बघा : बोटाचा ठसा उमटला तर अजून जास्त आहे. गाडी सावलीत उभी असताना, डॅशबोर्ड गार असताना हे करा. तापलेल्या प्लॅस्टिकवर पाणी लगेच उडतं आणि पट्टे उठतात.

स्टीअरिंग, गिअरचा दांडा, पेडल आणि मीटरवरची पारदर्शक काच, यांना ड्रेसिंग कधीच लावायचं नाही. रेक्झिनच्या सीटलाही नको, ब्रेक दाबला की माणूस पुढे घसरतो.

बाबांच्या खोबरेलाबद्दल काय बोलू! त्या पिढीनं डोक्याला, दाराच्या बिजागरीला आणि डॅशबोर्डला एकच बाटली वापरली. पण ते तेल वाळत नाही, त्यावर धूळ बसते, आणि उन्हात खवट वास येतो. तड्यांचीच भीती असेल तर कुठल्याही बाटलीपेक्षा काचेला आतून लावायची चंदेरी घडी जास्त उपयोगी. ती आधी घ्या.

प्रश्न : बुलेटच्या टायरला हेच लावलं तर?
— एक महाविद्यालयीन वाचक, सांगली

उत्तर : नाही. पाणी घालूनही नाही. दुचाकी वळणावर झुकते आणि टायरची कड रस्त्याला टेकते. मडगार्डच्या काळ्या प्लॅस्टिकला लाव हवं तर, आणि टायर नुसता धू.

प्रश्न : गाडी समुद्राजवळ उभी असते. बंपरचं आणि खालच्या कडेचं काळं प्लॅस्टिक पांढुरकं पडलंय, दारांची रबरं कडक झालीत. गॅरेजवाला डिझेलचा बोळा फिरवतो, तेवढ्यापुरतं काळं होतं. ड्रेसिंगनं कायमचं काळं होईल का? पुढच्या महिन्यात बंपरला नवा रंगही मारून घ्यायचा आहे.
— एक आंबा बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : कायमचं होणार नाही. प्लॅस्टिकचा वरचा थर उन्हानं खाल्लाय, आणि पाण्यातलं ड्रेसिंग त्यावर फक्त पांघरूण घालतं. कोकणातल्या पावसात तर ते पांघरूण दोन-चार सरींत उतरेल. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला एकास दोनचा हात फिरवत राहिलात तर गाडी बरी दिसेल, बस. टिकाऊ हवं तर प्लॅस्टिकवर लावायचं सिरॅमिक कोटिंग वेगळं मिळतं. ते महाग असतं, आणि त्याच्या आधी प्लॅस्टिकवरचं सगळं तेल काढावं लागतं.

डिझेल ताबडतोब बंद करा. दारांची रबरं बहुतेक गाड्यांत ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. पाऊस, ऊन, ओझोन यांना ते दाद देत नाही, पण डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल प्यायलं की फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेलं रबर खाचेतून बाहेर येतं, मग दार जोरात आपटावं लागतं आणि पावसाचं पाणी आत येतं. तुमची रबरं आत्ता कडक झालीत. धुऊन, वाळवून एकास चारचं ड्रेसिंग बोटानं पातळ चोळा. तडे नसतील तर ती थोडी सैल पडतील.

आणि रंगाचं काम होईपर्यंत त्या बंपरजवळ ड्रेसिंगची बाटली नेऊसुद्धा नका. सिलिकॉनचा अंश राहिला तर ताज्या रंगाला टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश-आय म्हणतात आणि हातातली रंगाची गन खाली ठेवून शिव्या घालतात. मग पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर. आधी कधी काही लावलं असेल तर पेंटरला आपणहून सांगा. तो सिलिकॉन काढायच्या द्रवानं पुसून घेईल.

प्रश्न : जुनी गाडी बघायला गेलो. टायर काळेकुळकुळीत, आतून चकाचक, सुवासिक. मालक म्हणतो गाडी घरातल्या माणसासारखी जपली. खरं मानावं का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : विकायला काढलेली गाडी कुणीही पुसूनच दाखवतं, त्यात लबाडी धरू नका. पण चमकीखाली काय आहे ते बघा. खिशात एक ओलं फडकं न्या आणि परवानगी घेऊन एका टायरची भिंत जोरात पुसा. काळा थर निघाला की बारीक तडे दिसतात, विशेषतः रिमच्या लगत आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी. टायरवर लांबट चौकटीत चार आकडे शोधा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. कधी हे आकडे टायरच्या आतल्या बाजूला असतात, तेव्हा मोबाइल खाली धरून फोटो काढा. नक्षीच्या खाचांत आडवे बारके उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिमी. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली असेल तर टायर संपला, काळा असो की गोरा.

बॉनेटही उघडायला लावा. पाइप आणि प्लॅस्टिकची झाकणं ओलसर चकाकत असतील तर तिथेही ड्रेसिंग मारलंय, आणि त्या चकाकीत ऑइलची गळती ओळखू येत नाही. मालकाला म्हणा, चार दिवस चालवा, मग परत बघायला येतो. नाही म्हणाला तर खालून इंजिनच्या तळाला हात लावून बघा. आणि टायर जुने निघाले तर चार नव्या टायरची किंमत दुकानात विचारून घ्या आणि तेवढी वजा करूनच आकडा सांगा.