‘गो ऑफ’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘बंद होणे’ असा आहे की ‘वाजणे’?

‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे बंद झाले, मग ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला असे कसे, असा आपला प्रश्न आहे. दोन्ही अर्थ बरोबर आहेत आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे वाक्याचा कर्ता ठरवतो. दिवा किंवा हीटर यांसारखी, एकदा सुरू केल्यावर चालू राहणारी वस्तू कर्ता असेल, तर ‘गो ऑफ’ म्हणजे बंद पडणे. परंतु गजर, बॉम्ब, बंदूक यांसारखी, एरवी निमूट असणारी आणि एका क्षणी अचानक जागी होणारी वस्तू असेल, तर त्याचा अर्थ वाजणे, फुटणे किंवा उडणे असा होतो. म्हणूनच गजर थांबला हे सांगण्यासाठी ‘द अलार्म स्टॉप्ड’ असेच म्हणावे लागते.

या अर्थांनी हे क्रियापद अकर्मक आहे, आणि आपल्याकडे खरी गफलत इथेच होते. मी गजर बंद केला हे सांगण्यासाठी ‘टर्न्ड ऑफ’ हवे, आणि कोणी तरी तो वाजण्यास कारण झाले असेल, जसे स्वयंपाकाच्या धुराने धोक्याची घंटा वाजली, तर ‘सेट ऑफ’ हवे. ‘आय वेंट ऑफ द अलार्म’ असे म्हटल्यास, काही अर्थ निघालाच तर, तो ‘मला तो गजर आवडेनासा झाला’ असा निघेल! कारण ब्रिटिश बोलीत ‘गो ऑफ’पुढे कर्म आले की एखाद्या व्यक्तीवरून किंवा वस्तूवरून मन उडणे असा अर्थ होतो, ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणजे मला आताशा कॉफी नकोशी वाटते. दूध किंवा मांस ‘गो ऑफ’ होते, म्हणजे नासते, हा वापरही मुख्यतः ब्रिटिशच आहे. अमेरिकेत त्यासाठी ‘गो बॅड’ किंवा ‘स्पॉइल’ अधिक ऐकू येते.

निघून जाणे हा अर्थ सरळ आहे, मात्र ‘गो ऑफ विथ’ जपून वापरावे, कारण त्यात दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊन जाणे किंवा जोडीदाराला सोडून दुसऱ्या कोणाबरोबर निघून जाणे असा ठपका असू शकतो. ‘द मीटिंग वेंट ऑफ वेल’ या वाक्यात मात्र काहीच बंद पडलेले नसते. सभा नीट पार पडली, एवढेच ते सांगते.