जुनी ट्रायल्स की नवी?

प्रश्न : दगडधोंड्यांतून पाय न टेकता गाडी काढायचा ट्रायल्सचा खेळ शिकायचाय. रस्त्यावर दहा वर्षं गाडी चालवतोय, पण हा प्रकार मला नवा. दोन सेकंडहँड गाड्या बघितल्या : 1970 च्या दशकातली यामाहा टीवाय 175 आणि 2012 ची गॅस गॅस टीएक्सटी प्रो 250. जुनी निम्म्या किमतीत मिळतेय. मेकॅनिक म्हणतो, 'हिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.' कोणती घेऊ?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : 2012 ची घ्या, पण खालच्या तपासण्यांत उतरली तरच.

ट्रायल्समध्ये चालक उभा असतो आणि सगळा खेळ क्लच-ब्रेकवरच्या एकेका बोटाचा. नव्या गाडीचा डिस्क ब्रेक एका बोटाने धरतो, उरलेली बोटं हँडलवर राहतात. जुन्या ड्रमला तीन-चार बोटं लागतात. उतारावर नेमकी तेव्हाच पकड ढिली होते, आणि आपल्याकडच्या पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक लागेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. शिवाय टीवाय साधारण 85 किलोची, दुसरी सत्तरच्या आत. पडलेली गाडी दिवसात तिसाव्यांदा उचलताना हा फरक कंबरेला कळतो.

मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरं आहे. उद्यमनगरात सिलिंडर बोअर होईल, बुश कातून मिळेल, ही सोय फार थोड्या गावांत आहे. पण योग्य मापाचा पिस्टन आणि क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या दोन टोकांची सीलं) लेथवर होत नाहीत. त्याहून मोठी अडचण शिकण्याची. दगडावर इंजिन बंद पडलं की चूक आपल्या क्लचच्या हाताची की कार्ब्युरेटरची, हे नवख्याला ओळखता येत नाही. गाडी भरवशाची असली तरच चूक आपली हे कळतं आणि सुधारता येतं.

आता गॅस गॅसची तपासणी. मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनला हात लावा, थंडच हवं. या गाडीच्या किकच्या गिअरचे दात झिजतात. म्हणून किक आधी हळू दाबून दात बसू द्या, मग एका दमात खाली न्या. 'कर्र' करून घसरली तर इंजिनचं साइड कव्हर उघडावं लागणार, तो खर्च किमतीतून वजा करा. गिअर ऑइल थोडं काढून बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर वॉटर पंपाचं सील गेलंय आणि कूलंट आत उतरतंय. मग गाडी जागेवरच चालू ठेवा. तापल्यावर फॅन आपोआप फिरायला हवा, कारण या खेळात रेडिएटरला वारा लागतच नाही. फॅन बंद असेल तर एप्रिलच्या उन्हात कूलंट उकळणारच. गाडी ठोकळ्यावर चढवून मागचं चाक हातांनी वर उचला. खटखट झाली तर मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजची (जोडदांड्यांची) बेअरिंगं गेली. शेवटी फूटपेगच्या (पाय ठेवायच्या खुंटीच्या) ब्रॅकेटभोवती रंगात केसाएवढी रेष दिसते का ते टॉर्चने बघा. तो तडा असू शकतो.

सुटे भाग बाहेरून येतात, म्हणून मालकाकडे क्लच प्लेट, लिव्हर, सील किट पडून असेल तर तेही सौद्यातच मागून घ्या. कस्टमचे कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

या तपासण्यांत ती नापास झाली आणि टीवायकडेच वळलात, तर दोन खुणा बघा. थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम उतरत नसतील तर मॅग्नेटो (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) बाजूच्या क्रँक सीलमधून हवा शिरतेय. पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लच बाजूचं सील.

पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल मिसळावं लागेल : गॅस गॅसला 5 लिटरला 75 मिली सिंथेटिक, टीवायचा मूळचा ऑइल पंप काढलेला असेल तर तिला 125 मिली. इथेनॉलमुळे पेट्रोल ओलावा धरतं, म्हणून त्या दिवसापुरतंच मिश्रण करा आणि गाडी पडून राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

प्रश्न : टायरमध्ये हवा किती ठेवायची आणि सराव कुठे करायचा?
– आणखी एक वाचक, कागल

उत्तर : मागे 4 ते 5 पीएसआय, पुढे 5 ते 6. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर एवढा कमी दाब नीट कळत नाही. 0 ते 15 चं गेज घ्या. हवा सरावाच्या जागीच तपासा, कारण उन्हात दाब वाढतो. एवढ्या कमी हवेत डांबरावर चालवू नका. गाडीला नंबरही नसतो, तेव्हा छोटा हत्तीतूनच न्या.

पहिला आठवडा सपाट शेतात : हँडल पूर्ण वळवून गोल, मग आठचा आकडा. दगड त्यानंतर. बंद दगडखाण चांगली, पण मालकाची परवानगी घ्या आणि सोबत कुणी तरी असू द्या. पन्हाळा आणि मसाई पठारावर मात्र कृपा करून जाऊ नका. किल्ला संरक्षित आहे, आणि पठारावरची वीतभर मातीही नसलेली फुलांची जमीन एकदा टायरने खरवडली की लवकर भरून येत नाही.