सेन्सियाचे पाच जुने रोल आहेत ना, मग त्यातला एक चाचणीला काढा

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या कपाटात फुजीक्रोम सेन्सिया १०० चे पाच रोल सापडलेत, एक्स्पायरी २००६ ची, सोबत त्यांचाच पेंटॅक्स के१००० कॅमेरा आहे आणि कमीत कमी खर्चात क्रॉस प्रोसेस (म्हणजे एका प्रकारची फिल्म मुद्दाम दुसऱ्या प्रकारच्या केमिकलमध्ये धुणं) करून बघायचंय, तर केमिकल घरी आणू की लॅबला देऊ. आधी उत्तर सांगतो, कारणं मग. केमिकल आत्ता आणू नका, लॅबलाच द्या, आणि पाचातला एक रोल फक्त चाचणीसाठी आहे असं आजच ठरवून टाका. जीवावर येतं, मला माहितीये, पण त्या एका रोलवर बाकीचे चार तरतात. मी सुरुवातीला हे केलं नाही आणि सलग तीन रोल अंदाजाने घालवले.

आता नेमकं काय होतं ते. सेन्सिया म्हणजे स्लाइड फिल्म, तिची प्रोसेस ई-६, त्यात थेट पॉझिटिव्ह, म्हणजे खऱ्या रंगांतलं चित्र मिळतं. आपण ती सी-४१ मध्ये टाकतो, म्हणजे साध्या कलर निगेटिव्हच्या केमिकलमध्ये. ई-६ चा कलर डेव्हलपर सीडी-३ नावाच्या रसायनावर चालतो, सी-४१ चा सीडी-४ वर. फिल्मचे थर एका डेव्हलपरसाठी बनवलेले आणि आपण देतो दुसराच, म्हणून तिन्ही थर सारखे वागत नाहीत, रंग एकीकडे झुकतात आणि कॉन्ट्रास्ट जबरदस्त चढतो. कुठे झुकतात ते फिल्मवर आहे, माझ्याकडे प्रोव्हिया हिरवीकडे गेली, वेल्व्हिया १०० लालकडे, आणि वीस वर्षं कपाटात पडलेला रोल कुठे जाईल ते तो धुतल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. चाचणी म्हणूनच.

एक्स्पोजरचं गणित इथे बरेच जण उलटं धरतात. स्लाइड ई-६ मध्ये धुवायची असेल तर लाइट जास्त देऊन चालत नाही, हायलाइट, म्हणजे उजळ भाग, उडतात आणि परत येत नाहीत. पण आपल्या हातात शेवटी निगेटिव्ह येणार आहे, आणि निगेटिव्हमध्ये सावलीत काही नोंदलंच गेलं नाही तर नंतर कितीही ओढा, तिथे काही नसतं. त्यामुळे जुन्या रोलला लाइट सढळ द्यायचा. दहा वर्षांमागे एक स्टॉप (एक स्टॉप जास्त म्हणजे लाइट दुप्पट) हा सगळे वापरतात तो ठोकताळा, त्या हिशोबाने वीस वर्षांचे दोन स्टॉप, म्हणून तुमची आयएसओ १०० ची फिल्म २५ ची धरायची. पण तो ठोकताळाच आहे, कपाट गरम होतं की थंड यावर खूप अवलंबून असतं.

मग चाचणी अशी करा. के१००० चा डायल १०० वरच ठेवा आणि प्रत्येक दृश्याचे तीन फोटो काढा, एक मीटर सांगतो तसा, दुसरा एक स्टॉप जास्त, तिसरा दोन स्टॉप जास्त. रोल ३६ चा असेल तर १२ दृश्यं होतात आणि तेवढी पुरतात. त्यात एक चेहरा हवाच, एक ठळक लाल वस्तू, झाडं, मोकळं आकाश, एक पूर्ण सावलीतलं दृश्य. वहीत फ्रेम नंबरसमोर शटर आणि अ‍ॅपर्चर लिहा, मोबाइलमध्ये नको, वही रोलसोबत राहते. (के१००० च्या मीटरला बंद करायचं बटण नाही, लेन्सवर झाकण लावलं की तो झोपतो, झाकण विसरलात की सेल संपतो.) उरलेले चार रोल तोवर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये, आणि वापरायच्या दोनेक तास आधी बाहेर.

उजेडाबद्दल मनापासून सांगतो, मे महिन्याच्या भर दुपारी हे रोल काढू नका. कॉन्ट्रास्ट आधीच चढणार आहे, त्यात कडक ऊन म्हणजे पांढरं पांढरंफटक आणि काळं ठार काळं. आपल्याकडचा जून-जुलैचा ढगाळ उजेड यासाठी फार सुंदर आहे. माझा सगळ्यात आवडता क्रॉस प्रोसेसचा फोटो पावसात स्टँडवर उभ्या असलेल्या लाल एसटीचा आहे. निगेटिव्ह खिडकीशी धरली तर नेहमीची नारिंगी पट्टी नाही, कारण स्लाइड फिल्मला तो मास्कच नसतो, पट्टी जवळजवळ पारदर्शक, आणि एसटी निळसर हिरवी. उलटवल्यावर तीच एसटी अशी पेटलेली लाल की बघत राहावं, आणि खालच्या डबक्यातली सावली शेवाळी.

पण हा फोटो मला पहिल्यांदा मिळालाच नव्हता. ज्या लॅबने रोल धुतला त्यांनी स्कॅन करताना मशीनला रंग आपोआप सुधारू दिले, एसटी मिळमिळीत, डबकं करडं, मला वाटलं फिल्मच मेलेली. दोन महिन्यांनी निगेटिव्ह स्वतः स्कॅन केली तेव्हा कळलं की सगळं तिथेच होतं. म्हणून लॅबला फक्त तोंडी सांगू नका, रोलवर मार्करने लिहा: "सी-४१ मध्येच धुवा, रंग सुधारू नका". काही जण स्लाइड फिल्म आपल्या सी-४१ केमिकलमध्ये घालायला नकार देतात, तो त्यांचा हक्क आहे, वाद न घालता पुढच्याला विचारा. शक्य असेल तर फक्त धुऊन घ्या आणि स्कॅन घरी करा, तिथे पैसेही वाचतात. एलईडी ट्रेसिंग पॅड आणि मॅक्रो काढू शकणारा कुठलाही डिजिटल कॅमेरा पुरतो, रॉ मध्ये काढा आणि कर्व्ह उलटवा. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर कलर निगेटिव्ह न निवडता पॉझिटिव्ह म्हणून स्कॅन करून उलटवा, नाहीतर नसलेला नारिंगी मास्क काढायच्या नादात सॉफ्टवेअर रंग भलतीकडे नेतं. आणि स्कॅन लांबणीवर टाकू नका, स्लाइड फिल्मचे रंग टिकवणारा भाग ई-६ च्या एका बाथमध्ये (केमिकलच्या टप्प्यात) असतो, तो आपण वगळलेला असतो.

घरचं किट कधी घ्यायचं, तर आठ-दहा रोल एकदम जमले की. ३८ अंशाला सव्वातीन मिनिटं डेव्हलपर, मग ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र), मग स्टॅबिलायझर, गीझरच्या पाण्याची बादली आणि चांगला थर्मामीटर असला की काम भागतं. पण कालवलेला डेव्हलपर काही आठवड्यांत खराब होतो, पाच रोलसाठी तो अर्धा वाया जाणार. साधे निगेटिव्ह आधी धुवा, क्रॉसवाले सगळ्यात शेवटी.

जुन्या बाजारात अजून रोल शोधणार असाल तर नावाच्या शेवटी "क्रोम" म्हणजे स्लाइड, "कलर" म्हणजे निगेटिव्ह, तरी डबीवर ई-६ छापलंय का ते बघाच. कोडाक्रोम अजिबात घेऊ नका, तिच्या थरात रंगाचे घटकच नसतात, ते के-१४ प्रोसेसमध्ये बाहेरून मिळायचे आणि ती प्रोसेस २०१० च्या शेवटी जगातून बंद झाली, सी-४१ मधून कोरी पट्टी निघेल. आणि स्वस्त म्हणून सिनेमाची फिल्म भरलेले रोल मिळतात, त्यांच्या पाठीला रेमजेटचा काळा थर असेल तर ते चुकूनही लॅबच्या मशीनमध्ये जाऊ देऊ नका, तो थर सुटून मशीन आणि दुसऱ्यांचे रोल दोन्ही नासतात.

आज एवढंच करा, पाचही खोक्यांवर एक्स्पायरीजवळचा इमल्शन नंबर, म्हणजे फिल्मचा बॅच नंबर, वाचा. सगळे एकाच नंबरचे असतील तर एक चाचणी पुरते. वेगळे निघाले तर ज्या नंबरचे जास्त रोल आहेत त्यातला एक चाचणीला घ्या आणि सुटा असलेला रोल सगळ्यात शेवटी वापरा.