लहान मुलांनी फोनवरचा निरोप सांगितलाच नाही आणि घोळ झाला, असा तुमच्या घरातला किस्सा आहे का?

आहे ना, आमच्याकडे दर दिवाळीला निघतोच तो. १९९७ ची गोष्ट, आम्ही तेव्हा मिरजेला राहायचो, धाकटा भाऊ दुसरीत. दुपारी आई गिरणीत दळण आणायला गेलेली, मी शाळेत, आणि ठाण्याहून मामाचा फोन आला. त्या काळी एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दिवसाचा दर भारी असायचा, रात्री अकरानंतर पाव दर म्हणून लोक जागत बसायचे, पण मामाची त्याच रात्रीची गाडी होती त्यामुळे त्याला थांबून चालणार नव्हतं, आणि बूथवर डोळ्यासमोर मीटरचे लाल आकडे पळत असले की माणूस एका दमातच बोलतो. मी आणि आजी आज महालक्ष्मीने निघतोय, सकाळी बाबांना स्टेशनवर पाठव, आजीचा गुडघा दुखतोय, आणि तू जेवलास का रे?

संध्याकाळी आईने विचारलं, कुणाचा फोन आलेला का?

"हो, मामाचा."

"काय म्हणाला?"

"मी जेवलो का विचारत होता. मी सांगितलं वरणभात खाल्ला, तोंडली नाही खाल्ली."

आईला इतकं भरून आलं, भरदुपारी एवढे पैसे घालून भाच्याच्या जेवणाची चौकशी केली म्हणून! बाबांनाही तिने कौतुकाने सांगितलं.

सकाळी दारात टांगा. बाबांच्या अर्ध्या गालाला साबण तसाच, मामा आजीला हाताला धरून उतरवतोय, आणि भाऊ डोळे चोळत बाहेर आला, मामाकडे बघितलं आणि आत तोंड करून ओरडला, "आई, मामा येणारे!" आजी हसून हसून पायरीवरच बसली, आणि त्याला कुणाला रागवूही दिलं नाही.

मला तर वाटतं त्याची काहीच चूक नव्हती. सगळ्या बोलण्यात त्याच्यासाठी असलेला प्रश्न एकच होता, तो त्याने तोंडल्यासकट लक्षात ठेवला. पण लँडलाईनवर कुणाचा फोन येऊन गेला ते कळायची आमच्याकडे काही सोय नव्हती, पोराने सांगितलं नाही तर विषय संपला. मग बाबांनी फोनशेजारी वही ठेवली, पेन सुतळीने बांधलं. पहिलीच नोंद, "काकांचा फोन आला होता. अर्जंट आहे." आता आम्हाला सख्खे काका तीन, शिवाय शेजारचे, बँकेतले, दूधवाले, सगळेच काका! आईने रात्री नऊपर्यंत एकेकाला फोन लावले.

आता त्याचीच मुलगी सहा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात मी फोन केला तेव्हा तिनेच घेतला, मी सांगितलं बाबांना सांग केळवण या रविवारी नाही, पुढच्या रविवारी, आणि जाताजाता म्हटलं आपल्या मांजरीला तीन पिल्लं झाली. रविवारी बाराच्या ठोक्याला चौघं नटूनथटून दारात, आणि तिच्या हातात पिल्लांसाठी दुधाची पिशवी.